तेरा फुटांचे पार्किंग आणि साडेतीन लाखांत घ्यायची चपळ जुनी गाडी

सदाशिवपेठी (विचारणा)

नमस्कार. गेली अकरा वर्षे आमच्या घरचे सगळे काम एका स्कूटरवर भागले. आता मुलगी शाळेत जाऊ लागली आहे, गुडघ्यांमुळे आईला स्कूटरवर बसवत नाही आणि पावसात रिक्षाची वाट पाहत उभे राहणेही तिला झेपत नाही, म्हणून वापरलेली, लहान, पेट्रोलवर चालणारी गाडी घ्यायचे आम्ही ठरवले आहे. शाळा, एरंडवण्यातील माझे कार्यालय आणि मंडई एवढ्यातच ती बहुतेक फिरेल. महिन्याचे रनिंग पाचशे किलोमीटरच्या वर जाईल असे वाटत नाही. वर्षातून तीन-चार वेळा वाईला सासुरवाडीस किंवा ताम्हिणीच्या बाजूला जाणे होईल. नाव बदलणे, विमा आणि सुरुवातीची दुरुस्ती धरून साडेतीन लाख रुपयांच्या वर मला जायचे नाही.

गाडी चालवायला मजा यावी ही माझी हौस आहे आणि ती मी लपवत नाही. मात्र मजा म्हणजे एक्स्प्रेसवेवरचा वेग, असे मला म्हणायचे नाही. बोळात समोरून टेम्पो आला तर गाडी चटकन बाजूला घेता यावी, एका वळणात फिरावी, गिअर हलका आणि नेमका पडावा आणि घाटात तिसऱ्या गिअरवर इंजिनाने कुरकुर न करता चढावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पत्नीला होंडा ब्रिओ आवडली आहे, भाऊ स्विफ्टशिवाय दुसरे नाव घेत नाही, आणि मित्राची पोलो चालवल्यापासून तिचे दार बंद होतानाचा आवाज माझ्या कानातून जात नाही. या तिन्ही गाड्या २०१३ ते २०१६ च्या पासिंगच्या मिळतील असे दिसते. एक अडचण मात्र आधीच सांगतो. आमच्या इमारतीत मला मिळालेली जागा पुढे विजेच्या मीटरची पेटी आणि मागे जिन्याची पायरी यांच्या मध्ये आहे आणि टेपने मोजल्यावर तिची लांबी बरोबर तेरा फूट भरते. आपला सल्ला हवा आहे.

ब्रिओ_नऊ_वर्षे

आपल्या प्रश्नाचा अर्धा निकाल टेपनेच लावून टाकला आहे. तेरा फूट म्हणजे ३९६२ मिलिमीटर. पोलोची लांबी ३९७१ मिलिमीटर आहे. दाराचा आवाज कितीही भारदस्त असला तरी नऊ मिलिमीटर गाडी जिन्यावर चढवता येत नाही. २०११ नंतरच्या बांधणीची स्विफ्ट ३८५० मिलिमीटर आहे, म्हणजे पुढे-मागे मिळून जेमतेम साडेचार इंच उरतात, आणि रोज संध्याकाळी थकून आल्यावर साडेचार इंचांचा हिशेब करत गाडी लावणे किती दिवस गोड वाटेल, याचा विचार आपणच करावा. ब्रिओ ३६१० मिलिमीटर आहे, त्यामुळे जवळजवळ चौदा इंच मोकळे राहतात.

माझ्याकडे ब्रिओ नऊ वर्षे आहे, म्हणून तिचे गुण सांगताना माझा पक्षपात गृहीत धरावा. १२०० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन ८८ पीएस ताकद देते आणि गाडी हलकी असल्यामुळे ती ताकद कुठे वाया गेल्यासारखी वाटत नाही. वळण्याची त्रिज्या साडेचार मीटर आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला शेजाऱ्यांच्या लांब गाड्या दोनदा पुढे-मागे कराव्या लागतात, तिथे ही एकाच फेरीत फिरते. गिअर मनगटाच्या हालचालीवर पडतो. इंजिनाचा खरा जोर मात्र वरच्या फेऱ्यांत आहे: टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४५०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) शिखर गाठतो, त्यामुळे घाटात चौथ्या गिअरवर आळशीपणे चढायची सवय असलेल्याला ती निरुत्साही वाटेल, आणि जो वेळेवर तिसरा टाकेल त्याला ती खूश करेल. मजा याच संवादात आहे असे माझे मत आहे, पण ते सर्वांना पटत नाही.

आता दोष सांगतो. डिकी १७५ लिटरची आहे. वाईहून येताना आंब्याची पेटी आणि दोन बॅगा ठेवल्या की ती संपली. मागचे दार अखंड काचेचे आहे, आणि भिंतीच्या बाहेर आलेल्या लोखंडी सळईवर रिव्हर्स घेताना माझ्याच चुकीने ती काच एकदा फुटली, तेव्हा साध्या पत्र्याच्या दाराची किंमत मला कळली. पेट्रोलची टाकी ३५ लिटरची आहे. पावसात छतावर पडणाऱ्या थेंबांचा आवाज आत स्पष्ट ऐकू येतो. गाडीचे उत्पादन भारतात बंद झाले आहे, परंतु पहिल्या पिढीची अमेझ याच बांधणीवर आणि याच पेट्रोल इंजिनावर तयार झाली असल्यामुळे झिजणाऱ्या सुट्या भागांची अडचण मला आजवर आलेली नाही.

ॲव्हरेजचा फार बाऊ करू नका. महिन्याला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीने लिटरला चौदाऐवजी सोळा किलोमीटर दिले, तर महिन्याला साडेचार लिटर पेट्रोल वाचते, म्हणजे पावणेपाचशे रुपयांच्या आसपास. एवढ्यासाठी न आवडणारी गाडी घेऊ नये, आणि एवढ्या कमी रनिंगला डिझेलच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये.

उशिरा_शिकलेली_चालक

वरील प्रतिसादातील टेपचा मुद्दा मला मान्य आहे. ब्रिओचा निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. आपण गाडीत चार वर्षांच्या आसपासची मुलगी आणि वृद्ध आई यांना बसवणार आहात. २०१३ ते २०१६ च्या काळात आपल्याकडे एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) बहुधा महागड्या व्हेरिएंटमध्येच मिळत असत. एबीएस सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. म्हणजे आपण पाहत असलेल्या वर्षांतली स्वस्त ब्रिओ किंवा स्वस्त स्विफ्ट यांपैकी काहीच नसलेली असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि विकणारा व्हेरिएंटचे नाव सांगताना ते शेवटी, दबक्या आवाजात सांगतो.

माझी सूचना मारुती इग्निस पाहण्याची आहे. ती २०१७ मध्ये आली आणि दोन एअरबॅग, एबीएस व लहान मुलाचे आसन बसवण्याचे आयसोफिक्स हुक सर्वांत स्वस्त व्हेरिएंटपासून तिच्यात आहेत. लांबी ३७०० मिलिमीटर असल्याने आपल्या जागेत दहा इंच शिल्लक राहतात. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांतले अंतर, १८० मिलिमीटर आहे, आणि आसने उंच असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत जाताना खाली बसावे लागत नाही. ब्रिओत ते करावे लागते. माझ्या सासूबाईंनी दोन्ही गाड्यांत बसून दाखवलेला हा फरक आहे, कागदावरचा नव्हे. चालवायलाही ती हलकी आणि चपळ आहे, जरी स्टिअरिंग सरळ रस्त्यावर थोडे निर्जीव वाटते हे मी मान्य करते.

वयाचाही विचार व्हावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फेरनोंदणी आणि हरित कर हे दोन्ही येतात. २०१३ ची गाडी आज घेतली तर तो दिवस फार लांब नाही. आपल्या रकमेत इग्निस घ्यायची तर कदाचित जास्त चाललेली किंवा दुसऱ्या मालकाची मिळेल, ही त्याची किंमत आहे.

पंचवीस_वर्षे_गॅरेज

साहेब, मॉडेलवर आपण आठवडाभर वाद घालू शकाल, परंतु दहा वर्षे जुन्या दोन ब्रिओंमध्ये जेवढा फरक असतो तेवढा ब्रिओ आणि इग्निसमध्ये नसतो. मी गॅरेज चालवतो आणि ग्राहकांसाठी गाड्या तपासून देतो, म्हणून काय पाहावे तेवढेच लिहितो.

गाडी पाहायला सकाळी जा आणि आधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करून मगच चावी फिरवा. थंड इंजिनाचा खडखडाट आणि पहिल्या झटक्यातला निळा धूर गरम इंजिनात लपतो. चावी दिल्यावर एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून विझले पाहिजेत. दिवा विझला नाही तर बिघाड आहे, आणि मुळात लागलाच नाही तर कोणीतरी तो बिघाड झाकून ठेवला आहे, जे जास्त वाईट.

सर्व काचांच्या कोपऱ्यात निर्मितीची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी असेल तर ती का बदलली हे विचारा. मडगार्डच्या आणि बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर तो भाग एकदा उतरला आहे. टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, मग त्याची नक्षी कितीही ताजी दिसो. मीटर चाळीस हजार दाखवत असेल आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवा.

पुराच्या गाड्यांविषयी थोडे जास्त लिहितो, कारण या भागात तो प्रश्न खरा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व पुन्हा कोल्हापूर पाण्याखाली गेले. त्या पाण्यातून निघालेल्या गाड्या सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, सुगंध मारून, नवी कव्हरे घालून त्या दुसऱ्या शहरांतल्या बाजारात उभ्या राहिल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, कारण तळाच्या फुटभर पट्ट्यावरचा मातकट डाग कोणी धूत नाही. आसनाखालच्या पट्ट्यांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातला बारीक गाळ आणि डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवरचा हिरवट थर या तीन गोष्टी टॉर्चच्या उजेडात पाहा. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती दोन वर्षे नीट चालून तिसऱ्या वर्षी एकामागून एक इलेक्ट्रिकची दुखणी काढते.

विमा पॉलिसी मागून घ्या. तिच्यात ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) असेल तर सलग पाच वर्षे दावा केलेला नाही, असा सहसा अर्थ होतो. एकदम शून्यावर आला असेल तर कारण विचारा. तो बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही, हेही हिशेबात धरा. कागदांत नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत), कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हे पैसे देण्याआधी हातात हवेत. थकलेली ई-चलने ऑनलाइन पाहून घ्या. या वर्षांच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या तपासून, जुन्या झाल्या असतील तर बदलून घ्या. खर्च किरकोळ आहे.

सदाशिवपेठी

सर्वांचे मनापासून आभार. पोलोचा नाद सोडला आहे. शनिवारी एक इग्निस आणि दोन ब्रिओ पाहिल्या. आईला इग्निसमध्ये सहज बसता आले, त्यामुळे आमचे मन तिच्याकडेच झुकले होते. परंतु मिळाली ती ऑटो गिअरची होती, आणि आमच्या पार्किंगच्या उतारावर इंच-इंच पुढे सरकवताना ती एकदा थबके, एकदा उडी मारे. पत्नीने दोनच मिनिटांत चावी परत केली. पहिल्या ब्रिओचे मीटर ४२ हजार दाखवत होते आणि क्लचच्या रबरावर रेघसुद्धा उरली नव्हती, तेव्हा पुढे काही पाहिलेच नाही.

दुसरी २०१५ ची, एकाच मालकाची, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली आहे. सीटबेल्ट स्वच्छ आहेत, काचा एकाच वर्षाच्या आहेत, टायर मात्र चारही बदलावे लागतील. आईसाठी आसनावर जाड उशी ठेवून पाहिली. तिचे म्हणणे, स्कूटरपेक्षा बरे. एक शंका राहिली: सुमारे तीन हजार आरपीएमपर्यंत ती मंद वाटते, हा दोष समजावा का?

ब्रिओ_नऊ_वर्षे

तो दोष नाही, स्वभाव आहे. तरीही एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलण्याआधी आणि नंतर त्याच चढावर चालवून पाहा. फरक जाणवला तर आधीच्या मालकाने सर्व्हिसिंग पुढे ढकलले होते असे समजावे. टायरांची किंमत मात्र व्यवहारातून वजा करून घ्या.

सदाशिवपेठी

टायरांपोटी अठरा हजार कमी करून दोन लाख नव्वद हजारांवर व्यवहार ठरला आहे. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा अजून दिसतो, म्हणून फक्त पाच हजार टोकन दिले आहे आणि फॉर्म ३५ व बँकेचे पत्र हातात आल्यावर उरलेली रक्कम द्यायची, असे लिहून घेतले आहे. चौदा इंच मोकळे असले तरी पत्नीने मीटरच्या पेटीच्या कोपऱ्याला रबराची पट्टी आजच लावून घेतली.