मदत हवी आहे: ब्रशकटरमध्ये नेमकं कुठलं पेट्रोल घालावं?

माझ्याकडे टू-स्ट्रोक ब्रशकटर आहे आणि गवत कापायचं फोर-स्ट्रोक मशीन आहे. दोन्ही वर्षातून दोन-तीन महिनेच चालतात. यंदा ब्रशकटर काढला तर दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, तरी चालू होईना. चोक दिल्यावर कसाबसा धरला, पण रेस दिली की बंद. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला तर आत पिवळट चिकट थर, जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक छिद्र) बुजलेला, आणि टाकीतली रबरी नळी कडक होऊन चिरलेली. टाकीत गेल्या हंगामाचं पेट्रोल तसंच राहिलं होतं, ही चूक माझीच.

आता एक जण सांगतो महागातलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घाला, दुसरा म्हणतो सगळा दोष इथेनॉलचा. पुस्तिकेत मिश्रण ५०:१ दिलंय, मी मात्र इंजिन सांभाळावं म्हणून लिटरला ४० मिली ऑइल घालत आलोय. ऑइलही बोटीच्या इंजिनाचं उरलेलं होतं. यातलं काय चुकतंय? जुनं मशीन आहे, पण मला ते टाकायचं नाही.

प्रतिसाद १

ऑक्टेनचा विचार आधी बाजूला ठेवा. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोके पडू नयेत यासाठीची क्षमता. पुस्तिकेत जो किमान आकडा असेल तेवढा पुरे, त्याहून जास्त घालून ताकदही वाढत नाही आणि कार्बोरेटरही साफ राहत नाही.

खरी अडचण शिळं पेट्रोल आणि इथेनॉल यांची. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पाणी जास्त झालं की इथेनॉल ते घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. टू-स्ट्रोकमध्ये हे फार वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनात वंगणच जात नाही आणि पिस्टन जाम होतो. लहान इंजिनांच्या बहुतेक पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के असते, तुमची वाचून बघा.

पंपावरच्या पेट्रोलात किती आहे ते घरी ताडता येतं. खुणांच्या उभ्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि १०० मिली पेट्रोल घालून हलवा, थांबा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही, २० च्या आसपास गेला तर साधारण १० टक्के. हे उघड्यावर, आगीपासून लांब करा आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नका.

ऑइलचं म्हणाल तर ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. दुप्पट घातल्याने संरक्षण होत नाही. प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो, आणि तेवढं पेट्रोल कमी गेल्याने इंजिन उलट गरम चालतं. बोटीचं ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. तुमचं हवेवर थंड होतं, म्हणून डब्यावर जेएएसओ एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं घ्या. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करा आणि महिन्याभरात संपेल एवढंच करा.

प्रतिसाद २

नळी बदलताना टाकीतला फिल्टर आणि प्रायमरचा (चालू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायचा) फुगाही बदला. हंगाम संपला की टाकी रिकामी करून आत उरलेलं पेट्रोल इंजिन बंद पडेपर्यंत जाळायचं. स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ नये म्हणूनचं द्रव्य, ताज्या पेट्रोलात घालायचा असतो, शिळं पेट्रोल त्याने सुधारत नाही. कुठे अल्किलेट पेट्रोल (लहान इंजिनांसाठी डब्यात मिळणारं स्वच्छ पेट्रोल) मिळालं तर उत्तम, त्यात इथेनॉल नसतं आणि ते बंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतं. महाग पडतं, पण वर्षाला चार-पाच लिटर लागणाऱ्याला मी तेच सुचवेन.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. चाचणी केली, थर १० वरून १९ वर गेला. नळी, फिल्टर, फुगा बदलले, ताजं ५०:१ मिश्रण घातलं, आणि तिसऱ्या ओढीत चालू झाला. फोर-स्ट्रोक मशीनची टाकीही आजच रिकामी करतोय. त्याच्या कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाकलं तर चालेल ना, की तेही इंजिन चालवूनच संपवू?