अनुभव धागा: क्युकेनहॉफ – तुमच्या वेळी काय फुललं होतं?

आम्ही क्युकेनहॉफला गेलो ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कारण सुट्टी तेव्हाच मिळाली. नेदरलँड्समधल्या लिसे गावची ही बाग वर्षातले जेमतेम आठ आठवडे उघडी असते, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत. त्यामुळे 'बघू नंतर कधीतरी' म्हणायची सोय नाही.

आत शिरल्यावर आधी मन खट्टूच झालं. ट्युलिपचे वाफेच्या वाफे नुसते हिरवे आणि टोकाला घट्ट मिटलेल्या पोपटी कळ्या. तेवढ्यात हायसिंथचा वास आला, गोड आणि जड. वासाच्या मागे गेले तर झाडांखाली निळ्याजांभळ्या हायसिंथचा लांबच लांब पट्टा, शेजारी डॅफोडिल आणि गवतात क्रोकस. त्या दिवशीचा माझा सगळ्यात लाडका फोटो क्रोकसचाच आहे. फूल बोटभर उंचीचं, पाकळीवर बारीक जांभळ्या शिरा आणि मधोमध केशरी जिभली. गवतावर पालथी पडून काढला. ट्युलिप भेटले ते विलेम-अलेक्झांडर दालनात, काचेच्या छपराखाली.

नंतर कळलं की तिथे एकाच जागी कंद थरांत लावतात. उशिरा फुलणारे ट्युलिप सगळ्यात खाली, त्यावर लवकर फुलणारे आणि अगदी वर क्रोकस. म्हणजे मी जिथे पालथी पडले होते, तिथेच खाली एप्रिल आणि मे मातीत वाट बघत होते! तेव्हापासून मला प्रत्येकाला विचारावंसं वाटतं, तुम्ही कोणत्या आठवड्यात गेलात, काय फुललं होतं आणि ते फोटोत कसं आलं? सविस्तर लिहा.

*

एप्रिलचा तिसरा आठवडा. सगळं फुललेलं होतं, पण मला लाल ट्युलिपने रडवलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसत होते. रात्री लॅपटॉपवर उघडले तर पाकळ्या गायब, नुसता लाल सपाट गोळा. होतं असं की फोटोतला एकूण उजेड बरोबर असला तरी लाल चॅनल, म्हणजे कॅमेरा लाल रंग वेगळा नोंदतो तो भाग, आधीच काठोकाठ भरतो आणि पाकळीवरच्या रेघा पुसल्या जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून गेलो. लाल रंगाचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगळा बघत एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली आणलं, आणि देठापासून वर जाणारी एकेक रेघ दिसायला लागली.

पोलरायझर फिल्टर असेल तर जरूर न्या. ट्युलिपची पाकळी मेणासारखी गुळगुळीत असते, तिच्यावर आभाळाची पांढुरकी चमक बसते. फिल्टर फिरवला की चमक उतरते आणि खालचा खरा रंग वर येतो. मोबाइलवाल्यांनी फुलावर बोट दाबून फोकस धरायचा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. ढगाळ हवा असेल तर हिरमुसू नका, फुलांसाठी तोच उजेड उत्तम. ऊन पडलंच तर फुलाच्या पलीकडे जाऊन सूर्याकडे तोंड करून बघा, पाकळी आतून पेटल्यासारखी दिसते.

*

आमच्या सहल कंपनीने बागेला अडीच तास दिले होते. ३२ हेक्टरची बाग, दरवर्षी हाताने लावलेले सुमारे ७० लाख कंद, आणि अडीच तास! त्यातला पाऊण तास पवनचक्कीच्या रांगेत गेला. ही चक्की १८९२ सालची, उत्तरेकडच्या ग्रोनिंगन प्रांतातून १९५७ मध्ये इथे आणलेली. वरच्या सज्ज्यातून बागेबाहेरची शेतं दिसली, लाल, पिवळे, गुलाबी पट्टे थेट क्षितिजापर्यंत. तो पाऊण तास सार्थकी लागला. बाकी बाग मात्र पळत बघितली, त्याची हळहळ अजून आहे. स्वतंत्र जमत असेल तर स्वतंत्रच जा.

*

मी जवळच राहते, म्हणून शेतांबद्दल लिहिते. बाग आणि शेतं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बागेतलं फूल बघण्यासाठी आहे. १९४९ मध्ये कंद पिकवणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्यांनी मिळून आपला माल दाखवायला ती उभी केली आणि १९५० पासून लोकांसाठी उघडली. शेतातलं पीक मात्र कंदाचं. फूल पूर्ण उमललं, जात तपासून झाली की यंत्राने मुंडकी उडवतात, म्हणजे झाडाचा जोर कंदात उतरतो. काल रंगीत असलेलं शेत आज हिरवं दिसलं तर घाबरू नका, आणि बुकिंग करताना शेतं शेवटपर्यंत फुललेली असतील असं धरून चालू नका.

एक कळकळीची विनंती. फोटोसाठी शेतात पाय ठेवू नका. तुडवलेलं रोप मोडतं आणि चपलांच्या मातीतून रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात. कडेच्या रस्त्यावर उकिडवं बसून कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणला की आपण मधोमध उभे असल्यासारखा फोटो येतो, मी दरवर्षी तसेच काढते. बागेत ड्रोन चालत नाही, तो घरीच ठेवा.

*

मेचा पहिला आठवडा, दिवसभर भुरभुर पाऊस. गर्दी पांगली होती. झालरीसारख्या कडा असलेले उशिराचे ट्युलिप आणि प्रत्येक दातेरी टोकावर एकेक थेंब. तिकडचा पाऊस वाया जात नाही एवढंच सांगते.

*

वरचं सगळं वाचून माझाही अनुभव लिहावासा वाटला. आई ७४ वर्षांची, गुडघे दुखरे. आम्ही सकाळी नऊच्या आत पोचलो. या बागेच्या वाटा इथल्या जुन्या वाड्याच्या बागेच्या १८५७ च्या आराखड्यातल्या, झोखर या बागरचनाकार बापलेकांनी इंग्रजी धाटणीने आखलेल्या, वळणावळणाच्या. पहिल्याच वळणानंतर तळ्याकाठी बाक दिसला. आई म्हणाली, "तू जा फिरून ये, मी बसते इथे." मला तिला सोडून जाववेना, म्हणून मीही बसलो.

समोर गडद जांभळे ट्युलिप होते, गार हवेत पेल्यासारखे मिटलेले. एकाचा फोटो काढला. अकराच्या सुमारास आई म्हणाली, "अरे, हे मघाशी एवढं उघडं नव्हतं." खरंच नव्हतं. ऊब वाढली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि फूल उघडतं, संध्याकाळी गारव्यात बाहेरची बाजू वाढते आणि ते मिटतं. अशा उघडमिटीत फूल रोज थोडं मोठंही होतं. हे मी नंतर वाचलं, आईने ते नुसतं बघून ओळखलं होतं. दुसरा फोटो तेव्हा काढला. एक वाजता तेच फूल वाटीसारखं पसरलं होतं. आत सहा काळे परागकोश आणि तळाशी निळसर चांदणी. आई बाकावरून उठून, माझा खांदा धरून, कितीतरी वेळ त्यात डोकावत राहिली.

घरी तिन्ही फोटो एका चौकटीत लावलेत. तिसऱ्याच्या कडेला आईचं बोट आलंय, आतली चांदणी दाखवणारं. ते मी कापलेलं नाही.