लिफ्टमधला गुलाबी चिकटा आणि शनिवारचं स्लाइम

ए-४०२ काकू, ७:४२: सुप्रभात. बी विंगच्या लिफ्टमध्ये ३ नंबरच्या बटणावर पुन्हा गुलाबी गोळा. बोट उचललं की तार येते. होळीचं अजून जिन्यात दिसतंय, त्यात हे. शनिवारी मुलांच्या शिबिरात सुगंधी स्लाइम आहे म्हणे. विचार व्हावा.

सी-१०१ अण्णा, ७:४५: सूचना – स्लाइम झाकणाच्या डब्यातूनच न्यावे. लिफ्टमध्ये डबा उघडू नये.

बी-३०१ दादा, ७:५१: काकू, पांढरं व्हिनेगर टाका, १० मिनिटांत सुटेल. स्लाइम म्हणजे गोंदाच्या लांब साखळ्या बोरॅक्सने एकमेकींत बांधलेल्या. आम्ल लागलं की ती बांधणी सुटते, गोंद परत पातळ होतो.

ए-१०३ मावशी, ७:५३: थांबा!! व्हिनेगर ओतायचं नाही. बटणावर फडक्याला लावून फक्त पुसायचं, आत वायरिंग आहे. आणि लिफ्टसमोर मार्बल, जिन्यात कोटा. दोन्ही चुन्याचे दगड. व्हिनेगरने पॉलिश जातं आणि डाग कायमचा राहतो. दगडावर बर्फ धरा, गोळा कडक झाला की जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा, मग कोमट साबणपाणी.

बी-३०१ दादा, ७:५५: बरोबर आहे मावशींचं. व्हिनेगर कपड्यांसाठी आणि गालिच्यासाठी. केसात गेलं तर खोबरेल तेल, कात्री नको.

ए-४०२ काकू, ७:५८: माहितीबद्दल आभार. पण पुसणार कोण? नळ एक दिवसाआड येतो.

सचिव, ८:०२: गार्डला सांगितलं आहे.

ए-४०२ काकू, ८:०३: होळीलाही सांगितलं होतं.

बी-२०३ वहिनी, ८:१०: काकू, शिबिराचं मी बघतेय म्हणून सांगते. तार येते म्हणजे ते स्लाइम कच्चं आहे, बोरॅक्स कमी पडलंय. नीट जमलेलं हाताला चिकटत नाही. शनिवारी मोजून होईल. एका मुलामागे १०० ग्रॅम पांढरा फेव्हिकॉल, आकारमानाने तितकंच कोमट पाणी, रंगाचे २ थेंब. हे आधी एकजीव. वासही इथेच घालायचा, गोळा झाल्यावर घातला तर आत शिरत नाही, वरच राहतो.
वेगळ्या भांड्यात १ कप कोमट पाण्यात १ सपाट चहाचा चमचा टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स. पूर्ण विरघळला पाहिजे, दाणा राहिला तर तिथे गुठळी होते. हे पाणी मोठ्यांनीच करायचं, मुलांनी नाही.

सी-३०२ भाऊ, ८:१२: टाकणखार कुठे मिळतो?

बी-२०३ वहिनी, ८:१३: सियागंज बाजारात कुठल्याही पंसारीकडे. सुहागा म्हणून मागा. कच्चा हवा, फुलवलेला नको.

सी-१०१ अण्णा, ८:१४: सूचना – स्लाइम झाकणाच्या डब्यातूनच न्यावे.

सी-३०२ भाऊ, ८:१६: त्यापेक्षा कॅरमची पावडर टाका ना. घरात असते, साधी असते.

बी-३०१ दादा, ८:१९: भिया, ती साधी नसते, बहुतेक वेळा बोरिक ॲसिड असतं. नुसतं फेव्हिकॉलमध्ये टाकून गोळा होत नाही, कारण मिश्रण आम्लधर्मी राहतं, सोबत खायचा सोडा लागतो. आणि ती पीठासारखी उडते, नाकात जाते. झुरळांच्या गोळ्यांत तेच असतं. मुलांच्या हातात नको.

डी-१०२ काका, ८:२०: म्हणजे क्लब हाउसची पावडर दर महिन्याला संपते ती अशी!

सी-३०२ भाऊ, ८:२१: काका, नाव घेऊन बोला. चावी कुणाकडे असते सगळ्यांना ठाऊक आहे.

सचिव, ८:२२: कृपया विषय सोडू नये.

डी-१०२ काका, ८:२२: विषय पावडरचाच आहे 😄

ए-२०४ ताई, ८:२९: बोरॅक्स नको असेल तर कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्युशन वापरतात ना? सगळीकडे ‘बोरॅक्स फ्री’ लिहिलेलं असतं.

बी-२०३ वहिनी, ८:३३: ताई, बाटलीवर बोरिक ॲसिड किंवा सोडियम बोरेट लिहिलेलं असेल तरच त्याने जमतं. म्हणजे बोरॅक्समधलं बोरॉन तिथेही आलंच, फक्त प्रमाण कमी. अर्धा कप गोंदाला अर्धा चमचा खायचा सोडा, मग १ मोठा चमचा सोल्युशन. महाग पडतं, पण पाचेक वर्षांच्या मुलांसाठी ते मला बरं वाटतं.

ए-४०२ काकू, ८:३५: आमच्या वेळी असली थेरं नव्हती.

बी-३०१ दादा, ८:३७: काकू, १९७६ साली मॅटेल कंपनीने डब्यातलं स्लाइम बाजारात आणलं होतं, गवारीच्या बियांच्या डिंकाचं. बोरॅक्स त्यातही होतंच.

ए-४०२ काकू, ८:३८: आणलं असेल. आमच्या लिफ्टमध्ये नव्हतं.

ए-२०४ ताई, ८:४४: वासाचं ठरवूया का? मुलांनी आंबा आणि व्हॅनिला निवडलंय. इसेन्स माझ्याकडून.

ए-१०३ मावशी, ८:४९: ताई, राग मानू नका, पण याला माझा स्पष्ट विरोध. बोरॅक्सच्या गोळ्याला आंब्याचा वास म्हणजे लहान मुलाला ‘चाट’ म्हणून बोलावणं. डी विंगची तीन वर्षांची मंडळी दादा-ताईंच्या मागे येणारच. बोरॅक्स पोटात गेलं की उलट्या, जुलाब. खाण्याचे वास बोरॅक्समध्ये नकोत. मोगरा, चंदन चालेल.

ए-२०४ ताई, ८:५१: मुलांना सांगून झालंय. दरवेळी शेवटच्या क्षणी नियम येतात.

ए-१०३ मावशी, ८:५२: नियम माझा नाही, ताई. मुलं आपल्या सगळ्यांची आहेत.

बी-२०३ वहिनी, ८:५८: मावशींचं बरोबर आहे, आणि ताईंचा आंबाही वाया जाणार नाही. लहानांसाठी इसबगोलचं करू. नीमच-मंदसौरचा माल आपल्याकडे ताजा मिळतो. १ चहाचा चमचा इसबगोल पावडर, १ कप पाणी, रंग. मोठ्या भांड्यात उकळी आणायची, वर चढलं की बंद, थोडं निवू द्यायचं, परत उकळी. असं ४-५ वेळा. दरवेळी दाट होत जातं. इसेन्स पूर्ण थंड झाल्यावरच, गरमात घातला तर वास उडून जातो. फेव्हिकॉलसारखं लांब ताणलं जात नाही, थुलथुलीत होतं, पण लहानांना तेच आवडतं.

ए-२०४ ताई, ९:०१: ठीक. आंबा इसबगोलमध्ये. मोगऱ्याचं अत्तर घालू का मोठ्यांच्यात?

बी-२०३ वहिनी, ९:०४: १ थेंबाच्या वर नको. अत्तर तेलातलं असतं, जास्त झालं की गोळा तेलकट होऊन तुटतो. पाण्यात मिसळणारा सुगंध असेल तर ३-४ थेंब. उग्र इसेन्शियल ऑइल नको, कातडीला झोंबतं. बी-१०४ च्या मांजरीलाही त्रास होईल.

सी-१०१ अण्णा, ९:०५: झाकणाच्या डब्याचं ठरलं का?

सचिव, ९:०६: ठरलं, अण्णा.

बी-२०३ वहिनी, ९:१२: आता सगळ्यांत जास्त जे चुकतं ते. टाकणखाराचं पाणी चमचा-चमचा घालायचं. गोळा भांड्याची कड सोडायला लागला की थांबायचं. तेव्हा तो ओला, तुटक, शेवया झाल्यासारखा दिसतो आणि घाबरून लोक अजून पाणी ओततात. तिथेच रबर होतो. ३-४ मिनिटं नुसतं मळा, पाणी आत जातं आणि गुळगुळीत होतं. तरी चिकटला तर अर्धा चमचा. कडक झाला तर कोमट पाण्यात बुडवून मळा.
हाताला कापलं-खरचटलं असेल त्या मुलाने लांबून बघायचं. नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय शिकंजी मिळणार नाही.

डी-१०२ काका, ९:१५: उरलेलं कुठे टाकायचं? मागे टेरेसची जाळी तुंबली होती ते विसरू नका.

बी-३०१ दादा, ९:१८: सिंकमध्ये, जाळीत काहीच नाही. इसबगोल निगमच्या गाडीत ओल्या कचऱ्यात. बोरॅक्सचं कागदात गुंडाळून घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यात. घरी नेलेलं उन्हात ठेवू नका, मे महिन्यात पातळ होऊन डब्याबाहेर येतं. वास बदलला किंवा काळे ठिपके दिसले की फेकायचं.

सी-१०१ अण्णा, ९:१९: सूचना – स्लाइम झाकणाच्या डब्यातूनच न्यावे. लिफ्टमध्ये डबा उघडू नये.

ए-४०२ काकू, ९:२४: माझी नात पण येईल शनिवारी. घरात इसबगोलची भुशी आहे, पावडर नाही. चालेल का?

बी-२०३ वहिनी, ९:२६: चालेल काकू. मिक्सरमधून फिरवा आणि झाकण लगेच उघडू नका, धूळ बसू द्या. ती नाकात गेली की काहींना शिंका आणि दम लागतो. चमचा दळल्यावर मोजा, आधी नाही.