मदत हवी आहे : मुंबईत पानगळीचे रंग आईला कोठे दाखवता येतील?

नमस्कार. डिसेंबरमध्ये आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून ती दादरच्या आमच्या खिडकीसमोरील देशी बदामाकडे पाहत तासन्‌तास शांतपणे बसते. जानेवारीअखेर त्याची पाने तांबडी होऊ लागली. हरितद्रव्य घटून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य साठल्याने हा रंग येतो, हे मी वाचले होते. परंतु वाऱ्याने आत आलेले, तळहाताहून मोठे आणि मधल्या शिरेपाशी अजून पिवळे असलेले एक पान आईने उचलून उशीजवळ ठेवले, तेव्हा त्या रंगाचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले.

आता तिला काठीच्या आधाराने बाहेर न्यावे, अशी फार इच्छा आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत किंवा बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सपाट वाट, थोड्या थोड्या अंतरावर बाके आणि रंगलेली झाडे असा भाग नेमका कोणता? कुसुम या झाडाची कोवळी पालवीही लालभडक असते (ती पानगळ नव्हे, तरी आईला नक्कीच आवडेल), ती पाहण्यासाठी फाल्गुनात साधारण केव्हा जावे? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.