८५ टक्के घट: आकडा कामाचा की नुसता मथळ्याचा?

खंड्या:
वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या २०२४ च्या अहवालानुसार १९७० ते २०२० दरम्यान गोड्या पाण्यातल्या, नोंदी असलेल्या प्राणिसमूहांत सरासरी ८५ टक्के घट झाली. बातम्यांनी लगेच छापलं, '८५ टक्के जलचर नष्ट'. साफ चूक. अहवालातला हा निर्देशांक एकूण डोकी मोजत नाही, प्रत्येक समूहातल्या (म्हणजे एका ठिकाणच्या एका प्रजातीतल्या) बदलाची सरासरी काढतो. समजा एका तळ्यातले १०० मासे १० वर आले आणि दुसऱ्यातले १०,००० तसेच राहिले. एकूण मासे एक टक्काही घटले नाहीत, पण निर्देशांकाच्या गुणोत्तरी सरासरीने (०.१ आणि १ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, सुमारे ०.३२) घट ६८ टक्के! २०२० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत सगळ्याच पृष्ठवंशीयांच्या (कणा असलेल्या प्राण्यांच्या) अशा आकडेवारीची चिरफाड झाली होती. अतिटोकाची घसरण झालेले ३ टक्क्यांहूनही कमी समूह बाजूला काढले, तर जागतिक घसरण दिसेनाशी होते. माझं मत: असले आकडे जाहीर करणं थांबवावं. लोक घाबरतात आणि मग हात झटकून मोकळे होतात.

पाणडुबी:
अजिबात पटलं नाही. वगळलेले ते ३ टक्के कोण, हेही सांगा की! कोसळलेत तेच बाजूला काढायचे आणि 'सगळं ठीक' म्हणायचं?
सरासरी नको असेल तर लाल यादी घ्या, म्हणजे कुठल्या प्रजातीला नामशेष होण्याचा किती धोका हे सांगणारी जागतिक यादी. जानेवारी २०२५ चा अभ्यास, २३,४९६ प्रजाती: मासे, खेकडे-कोळंबी, चतुर-टाचण्या. त्यातल्या २४ टक्क्यांना नामशेष होण्याचा धोका. खेकडे-कोळंबीत तर ३० टक्के. आणि चीनच्या यांगत्से नदीतला पॅडलफिश मासा? १९८१ मध्ये गेझोबा धरणाने नदी अडवली, अंडी घालायला वर जायची वाट बंद. २००३ नंतर तो कुणाला दिसला नाही, २०२२ मध्ये नामशेष जाहीर. इथे कुठली सरासरी चुकली?

गाळ:
तुम्ही दोघं मोजणीवरच भांडताय. मोजून 'किती' कळतं, 'का' कळत नाही. कॅनडातलं २२६ क्रमांकाचं सरोवर बघा. मध्ये कंबर असलेलं, घटिकायंत्रासारखं. १९७३ मध्ये त्या कंबरेत पडदा टाकून पाणी दुभागलं. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकीकडे शिवाय फॉस्फरसही. ती बाजू शेवाळाने गच्च हिरवी, पडद्यापलीकडे पाणी जवळपास पहिल्यासारखं. विमानातून काढलेला तो एक फोटो डिटर्जंटमधल्या फॉस्फेटच्या (फॉस्फरसच्या संयुगाच्या) वादात कुठल्याही तक्त्यापेक्षा भारी पडला. पैसा अशा प्रयोगांवर घाला.

खंड्या:
@पाणडुबी, 'सगळं ठीक' मी कुठे म्हटलं? तुमचा २४ टक्के मला चालतो, त्यात काय मोजलंय ते स्पष्ट आहे. वाद मथळ्याशी आहे.
@गाळ, +१.

पाणडुबी:
गाळराव, फोटो झकास, पण नदीत पडदा कुठे टाकणार? तिथे धरण, कीटकनाशकं, सांडपाणी, तापलेलं पाणी, बाहेरून आलेल्या प्रजाती, सगळं एकदमच येतं. युरोपातल्या २२ देशांतल्या नद्या-ओढ्यांच्या तळाशी राहणाऱ्या किडे-गोगलगायींच्या १,८१६ नोंदमाला जुळवल्या, तेव्हा २०२३ मध्ये कळलं की जीवांची विविधता आधी वाढत होती, ती २०१० नंतर थबकली. सांडपाणी शुद्ध करून मिळायचा तो फायदा मिळून गेला, पुढचं काम अवघड. हे कळलं कसं? १९६८ पासून कुणीतरी दरवर्षी जाळी घेऊन पाण्यात उतरलं म्हणून. अशा कामाला निधी मिळणं सगळ्यात कठीण, कारण त्यात 'नवीन' काही नसतं.

गाळ:
हे मान्य. पण थबकली हे कळलं, कशामुळे ते अजून अंदाजच ना? मी तेच म्हणतोय. नदी नको, ओढा घ्या. वरचा टप्पा तसाच ठेवा, खालच्या टप्प्यात एकच गोष्ट बदला. असे प्रयोग होतात.

पाणडुबी:
होतात, पण बदलाआधीची पाच-दहा वर्षं तिथे काय होतं याची नोंद लागते. ती कोण ठेवणार?