मदत हवी आहे : एमएसमुळे पाऊल घासतं, सांगली-मिरजेत हलका एएफओ (घोटा-पाऊल धरून ठेवणारा आधार) मापाने कोण बनवून देतं?

रुग्ण बाई, वय 41, मुक्काम विश्रामबाग. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, सध्या नवा अटॅक नाही. उजवं पाऊल वर उचलत नाही, पोटरी मात्र ताठ. स्नायू मुळात शाबूत आहे. मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन (आवरण) गेल्याने निरोप अर्धवट पोचतो. शिवाय चालणं कमी झाल्याने मांडीही बारीक झालीय. ही दुसरी कसर व्यायामाने बरीच भरून येते.

सध्या आठवड्यातून 2 दिवस खुर्चीतून उठबस, 10 वेळा, 2 सेट, मध्ये 3 मिनिटं विश्रांती. पोटरीचा ताण रोज, 30 ते 60 सेकंद धरून. सगळं सकाळी सातच्या आत, कारण उन्हाळ्यात अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी पाय लुळा पडतो. गार झाल्यावर ताकद परत येते, म्हणजे तो नवा अटॅक नव्हे. घरचे मात्र दर वेळी हवालदिल!

अडचण अशी : बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारी गोळी) वाढवल्यावर ताठरपणा उतरला, पण उभं राहताना गुडघाच मोडतो. त्या ताठरपणाचाच आधार होता. डोसचं न्यूरोलॉजिस्ट बघतील (ही गोळी एकदम बंद करायची नसते), तो प्रश्न इथे नाही.

घोट्याला बिजागरी असलेला पॉलिप्रॉपिलीनचा (प्लास्टिकचा) एएफओ कोण करतं? खर्च किती? तयार मापाचा चालणार नाही, घोट्याला घासून जखम होते आणि बधिर पायाला ती कळतही नाही. गुडघा मोडणाऱ्यांना बिजागरीपेक्षा अखंड एएफओ बरा पडला का, तेही सांगा.