मदत हवी आहे: बसमार्गांबद्दल लोकांना नेमकं काय विचारायचं?

वाहतूक आराखड्यावर सूचना मागवल्यात आणि रहिवाशांचं म्हणणं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सभेला येतात ते बहुतेक गाडीवाले, त्यांचा सगळा जोर पार्किंगवर. पहाटेच्या पाळीला जाणारे, मुलांना शाळेत सोडून तसंच कामावर पळणाऱ्या बायका, व्हीलचेअर वापरणारे यांना सभेची वेळच जमत नाही. थांब्यावर गाठावं तर बस आली की माणूस अर्ध्या वाक्यात पसार! शिवाय 'थांबा कुठे हवा' विचारलं की प्रत्येकाला तो दारातच हवा. थांबे वाढले की बस रखडते, हे कोण सांगणार? त्यापेक्षा 'मोजके मार्ग पण दर 10 मिनिटांनी बस, की गल्लोगल्ली पण तासाला एक' असं सरळ विचारावं का? कोणी असं सर्वेक्षण केलं असेल तर प्रश्न कसे मांडलेत, प्लीज सांगा.